वखारीचं दार

"एवढा मोठा ट्रान्झिस्टर लावला, गुरुजी, तरी जळावा?"

मल्हारीने मोटरला वीज सोडणारा-अडवणारा तो करपलेला तुकडा बाबर गुरुजींपुढे ठेवला. असे आणखी दोन त्याच्या खिशात होते.

थोरल्या बहिणीसाठी, यमूताईसाठी, तो स्वस्तातली, मोटरवर चालणारी चाकाची खुर्ची बनवत होता. सोमवारी ती शिक्षिका म्हणून शाळेत रुजू होणार होती. शाळेच्या दारातच चढ. ताईने ठणकावलं होतं, "उचलून नेणार असशील, तर मी जाणारच नाही." तेव्हापासून मल्हारीची झोप उडाली होती.

गुरुजी पूर्वी आयटीआयत शिकवायचे. आता घरामागच्या वखारीत बसत. सरळ उत्तर देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"केवढा मोठा?"

"शंभर अँपिअरचा! खुर्चीला वीससुद्धा लागत नाहीत." मल्हारीचं नाक जरा वर गेलं.

"आणि तो उघडायला किती व्होल्ट देतोस?"

"तीन. स्वस्तातल्या बोर्डातून तेवढेच निघतात."

"हं..."

गुरुजींनी त्याला वखारीबाहेर काढलं आणि आतून दार लोटलं.

"एका बोटाने उघड. ये आत."

दार बैलगाडी जाईल एवढं. मल्हारीने बोटाने रेटलं. जेमतेम वीतभर फट पडली. तो अंग चोरून घुसला आणि कोपर सोलवटून घेतलं.

"दार लहान आहे का रे?"

"नाही..."

"मग खरचटलं कशाने?"

मल्हारी कोपर चोळत राहिला. मोठ्या दारातच एक दिंडी होती, एका माणसापुरती. त्याने सहज तिला बोट लावलं. ती सताड उघडली.

...

त्याला स्वतःचंच हसू आलं; शंभर अँपिअरचं दार तो तीन व्होल्टांच्या बोटाने रेटत होता, आणि फटीतून घासत जाणारी वीज ते जाळत होती. मग तो गुरुजींचे डबे उपसू लागला. तीन व्होल्टांत पुरता उघडणारा हवा होता, दिसायला किरकोळ असला तरी चालेल.

शनिवारी तो स्वतः खुर्चीत बसून शाळेचा चढ चढला. ट्रान्झिस्टर कोमटसुद्धा झाला नाही.

रविवारी ताई बसली. मल्हारी मागे, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावून, घामाघूम. ताई ओठ घट्ट मिटून समोर बघत होती.

निम्म्या चढावर, सोबत चालणाऱ्या गुरुजींनी थांबवलं.

"काल तुला कोणी ढकललं?"

"कोणीच नाही, गुरुजी. आपोआप चढली!"

"मग आज ढकलतोयस कुणासाठी? ताईसाठी, की स्वतःसाठी?"