मधली खुर्ची

शेवट आधीच ओळखलात तर ही मिशी उतरवतो, बोला!

जत्रंत फोटूची स्पर्धा व्हती. मी माझ्या हौशा बैलाचा पोळ्याच्या दिवशीचा फोटू लावला. रंगवलेली शिंगं दोन्हीकडं सारखी, आन मधोमध हौशा. पयला नंबर आपलाच, असं गावभर सांगून बसलो व्हतो.

परीक्षक शहरातले दाभाडकरसाहेब. चारचौघांत म्हणाले, "आजोबा, फोटोत कुणालाही मधोमध ठेवणं म्हणजे अडाणीपणा. जरा कडेला घ्यावं, असा नियम आहे. बाद!"

गाव हसलं.

मग साहेबांचा सत्कार झाला. शाल पांघरून ते मधल्या खुर्चीत बसले आन माझ्या हातात कॅमेरा बघून मला म्हणाले, "हं, काढा फोटो."

मी म्हणलं, "साहेब, त्या कडंच्या खुर्चीत सरका. मधी बसणं अडाणीपणा हाय."

"अहो, आज सत्कार माझा आहे! ज्याचा मान, तो मधेच बसणार!"

"मग पोळ्याला मान कुणाचा असतो, साहेब?"

मांडवात हशा पिकला. साहेबांनी पयला नंबर तर दिलाच. पण गाव ऐकतंय व्हय! गोठ्यापर्यंत चालत येऊन, सत्काराची ती शाल साहेबांना आपल्या हातानं हौशाच्या पाठीवर घालावी लागली.