रिबकाची एकेचाळीस मेंढरं

पाय पांघरुणात घेतलेत का? एस्तेर, तू भिंतीकडं सरक, बेंजूला जागा दे. हां. आता कुणी चुळबुळ करायची नाही.

एकदा काय झालं, लांब तिकडं, जिथं माळ संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथं एक वस्ती होती. पाच-सहा घरं, एक चिंचेचं झाड आणि दगडमातीचं लहानसं प्रार्थनामंदिर. बस, एवढीच वस्ती. तिथं शांतवनबाबा नावाचे एक मेंढपाळ राहायचे. त्यांची बायको देवाघरी गेली होती. घरात ते आणि त्यांची लेक, रिबका. आणि मेंढरं किती? एकेचाळीस.

शांतवनबाबा मेंढरांच्या पुढं चालायचे. तोंडानं काहीबाही बोलत, गुणगुणत जायचे, आणि मेंढरं आपली त्यांच्या मागं. पण एका उन्हाळ्यात बाबा कड्यावरून घसरले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण चालणं संपलं. मग मेंढरं आली रिबकाच्या हाती.

रिबका वाईट नव्हती, बरं का. अंगानं काटक, कामाला वाघ. पण राग? नाकाच्या शेंड्यावर. आणि धीर म्हणाल तर चिमटीत मावेल एवढासुद्धा नाही. ती मेंढरांच्या मागून चालायची, हातात काठी घेऊन. मेंढरू रेंगाळलं की दे काठी. वाकड्या वाटेला गेलं की दे काठी. आणि तोंडाचा पट्टा तर दिवसभर सुरूच. मेंढरं बिचारी घाबरून चहूकडं पांगायची. मग रिबका आणखी ओरडायची, मग ती आणखी पांगायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत रिबकाचा घसा बसायचा आणि मेंढरांची पोटं रिकामीच राहायची.

एके दिवशी सकाळी ती वाड्यात शिरली, मेंढरांच्या वाड्यात. एक कोकरू आईला पीत होतं. शेपटी कशी लुटुलुटु हलत होती. त्यानं रिबकाला पाहिलं मात्र, दूध तसंच सोडलं आणि आईच्या पोटाखाली जाऊन थरथरत उभं राहिलं. रिबकानं काही केलं नव्हतं हो. नुसती आत आली होती. ती तशीच मागं फिरली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. बाबांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. पण डोळ्यांत पाणी होतं.

त्यातच दुष्काळ पडला. माळावर गवताची काडी राहिली नाही. मेंढरं बाभळीच्या वाळक्या शेंगा हुंगत फिरायला लागली. मग शांतवनबाबांनी लेकीला जवळ बसवलं. म्हणाले, डोंगराच्या पलीकडं एक हिरवं कुरण आहे. तीन दिवसांची वाट आहे. मेंढरं तिथं नेलीस तर जगतील, नाहीतर हा महिना काढणार नाहीत. रिबका म्हणाली, पण मला वाट कुठं माहीत आहे?

बाबा म्हणाले, "या दिवसांत एक मेंढपाळ आपली खांडं, मेंढरांचे कळप, घेऊन पलीकडं जातो. मीही त्याच्याकडूनच शिकलो. त्याच्या मागं जा. आणि तो करील तसं कर."

आणि तो ओळखायचा कसा? तर बाबा नुसते हसले. म्हणाले, कळेल.

मग रिबकानं भाकरी बांधून घेतल्या, घोंगडी खांद्यावर टाकली, शेजारच्या सगुणाकाकूंना बाबांकडं बघायला सांगितलं आणि निघाली.

डोंगराच्या पायथ्याशी तो तिला भेटला. उन्हानं रापलेला, साधा माणूस. अंगावर तिच्यासारखीच घोंगडी. त्याच्या मागं मेंढरं किती? अगं, मोजता येत नव्हती. आणि एकही इकडं-तिकडं जात नव्हतं.

कोण असेल बरं तो? एस्तेर, तुला कळलं असेल तर हळूच हस. रिबकाला अजून कळायचं होतं.

रिबका म्हणाली, सलाम दादा, मी तुमच्या मागं येऊ का? तो म्हणाला, "ये. माझं बघत राहा."

पहिल्या दिवशी ऊन असं तापलं की दगडावर भाकरी शेकावी. दुपारी एक कोरडा ओढा लागला. मेंढपाळानं गुडघे टेकले आणि हातांनी वाळू उपसायला सुरुवात केली. चांगला हातभर खड्डा झाला, तेव्हा तळाशी पाणी पाझरायला लागलं. रिबकानंही शेजारी तसाच खड्डा केला. पाणी दिसलं, तशी ती आधी स्वतः घटाघटा प्याली. तहानच तशी लागली होती. तोंड पुसून वर बघते तर काय? मेंढपाळ अजून प्यालाच नव्हता. त्याच्या कळपात एक लंगडी मेंढी होती. तिला तो ओंजळीनं पाणी पाजत होता. मग म्हाताऱ्या मेंढ्या, मग लेकुरवाळ्या, मग बाकीच्या. खड्डा आटायचा, तो पुन्हा भरायची वाट बघायचा. किती तरी वेळ गेला. शेवटी सगळ्यांचं झालं आणि तळाशी घोटभर गढूळ पाणी राहिलं, ते तो प्याला. आणि चांगलं गोड लागल्यासारखा प्याला.

ते बघून रिबकाला पोटातलं पाणी जड झालं. ती आपल्या खड्ड्याशी बसली आणि तिनं मेंढरं बोलावली. कुणी येईना. काठी दिसत होती ना हातात. मग तिनं काठी मागं ठेवली. हाताची ओंजळ केली, पाणी भरलं आणि नुसती बसून राहिली. रिबका! जिला भाकरी भाजेपर्यंत धीर धरवत नव्हता, ती. बसली, बसली. हात भरून आले. मग एक मेंढी पुढं आली, तिनं हुंगलं, आणि काय केलं असेल? रिबकाच्या तोंडावर फर्रकन शिंकली. हसू नका रे. रिबकाला राग आलाच. काठीकडं हातही गेला. पण तिनं मेंढपाळाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. मग ती मेंढी प्याली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. एकेचाळीस मेंढरं पाजून झाली तेव्हा दिवस कलला होता.

दुसऱ्या दिवशी वाटेत मेंढपाळानं विचारलं, तुझ्या मेंढरांची नावं काय? नावं कुठली? ती त्यांना फक्त "ए मुडद्या" आणि "ए सटवे" एवढंच म्हणायची. मेंढपाळ तर आपल्या एकेका मेंढराला नावानं हाक मारायचा, आणि नाव घेतलं की ते नेमकं तेवढंच मान वर करायचं.

मग रिबकानं नावं ठेवायला घेतली. मोहरी, खसखस, चांदणी, गुलाबी. दहा-बारा झाली आणि नावं संपली. मग तिनं भाज्या घेतल्या. भोपळी, दोडकी, पडवळी. भाज्याही संपल्या. एक मेंढी मान ताठ ठेवून ठुमकत चालायची, तिचं नाव ठेवलं पाळकीणबाई, पाळकांच्या बायकोसारखी दिसायची म्हणून. आणि शिंकणारीचं? तपकीर! पण गंमत अशी, की नाव ठेवायचं तर आधी नीट बघावं लागतं. बघता बघता रिबकाला दिसलं, दोडकीच्या एका डोळ्यावर पांढरा सारा पडलाय, त्या डोळ्यानं तिला दिसतच नाही. म्हणून ती सारखी वाट चुकत होती. आणि रिबका तिला सगळ्यात जास्त मारत होती. रिबकानं दोडकीच्या पाठीवरून हात फिरवला. तिथं काठीचा वळ होता.

त्याच दिवशी मेंढपाळाचं एक मेंढरू हरवलं. तो म्हणाला, माझी मेंढरं बघ, मी येतो. रिबका म्हणाली, अहो दादा, एवढी तर आहेत, एक गेलं तर गेलं. तो तोवर निघालाही होता. ऊन चढलं, उतरलं. मग तो आला. अंगभर काट्यांचे ओरखडे, आणि खांद्यावर ते मेंढरू. रिबकाला वाटलं, आता देईल याला दोन ठेवून. पण तो तर हसत होता. सण असल्यासारखा हसत होता.

रिबकानं त्याच्या ओरखड्यांना झाडपाला चोळून लावला. तेव्हा तिला त्याचे हात दिसले. दोन्ही तळव्यांवर जुने, खोल वण होते. तिनं हळूच विचारलं, हे कशानं झालं?

"मेंढरांपायी," तो म्हणाला. एवढंच.

घरी प्रार्थनेच्या वेळी बाबा ज्याचं नाव घ्यायचे, तो हाच, हे तिला आता उमगायला लागलं होतं.

तिसरा दिवस उजाडला तो धुकं घेऊन. खिंड चढायची होती. धुकं असं दाट, की आपलाच हात आपल्याला दिसेना. मेंढपाळ पुढं होता. थोडा वेळ त्याचा आवाज येत होता, मग तोही येईना. रिबकानं आपली मेंढरं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच. नावं घेतली, तेव्हा कळलं. दोडकी नव्हती.

आता काय करावं? पुढं गेलं तर कुरण. मागं गेलं तर धुकं. आधीची रिबका असती तर म्हणाली असती, मरू दे आंधळीला. आताही तो विचार मनात आलाच, बरं का. येतो हो. पण तिनं मेंढरं एका कपारीत बसवली आणि हाका मारत उतरली. दोडके, ए दोडके. खालून एक बारीक बें ऐकू आलं.

बघते तर दोडकी दोन खडकांच्या मधे अडकलेली, आणि तिच्यासमोर लांडगा.

चांगला मोठा लांडगा होता. दुष्काळानं त्याच्याही बरगड्या निघालेल्या. काठी वरच राहिली होती. पळ, तिचं मन म्हणालं, पळ. तेवढ्यात तिला ते वण आठवले. तिनं काही मोठा विचार केला नाही. ती धावली आणि दोडकीच्या पुढं जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले. रिकामे हात. आणि डोळे मिटून म्हणाली, "आधी मी."

लांडगा जवळ आला. त्याचा गरम श्वास तिच्या पोटरीला लागला. त्यानं तिचे पाय हुंगले, पसरलेल्या हातांचे तळवे हुंगले. आणि काय झालं माहीत आहे? त्याचं शेपूट खाली गेलं. असं हात पसरून उभं राहणारा एकच त्याला माहीत होता. त्याला वाटलं, हा तोच. पोरीत त्याला पोर दिसलीच नाही, दिसला तो मेंढपाळ. लांडगा मागं सरकला, वळला आणि धुक्यात निघून गेला.

रिबकानं डोळे उघडले, तर समोर कुणी नाही. आधी ती मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. मग दोडकीला ओढून काढली, खांद्यावर घेतली, कपारीतली चाळीस मेंढरं बरोबर घेतली आणि खिंड चढायला लागली. मेंढी जड होती, पाय घसरत होते, दोडकी कानात ओरडत होती. आणि रिबकाला हसू येत होतं. का, ते तिचं तिलाही कळेना.

खिंडीच्या माथ्यावर धुकं फाटलं. तिथं मेंढपाळ जाळ करून भाकरी भाजत बसला होता. "ये, बस," तो म्हणाला. "भाकरी गरम आहे."

रिबका बसली. म्हणाली, "धुक्यात मी एकटी पडले होते. तुम्ही आला का नाहीत?"

तो म्हणाला, "पोरी, मी लांब नव्हतो."

तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. मग काही विचारायचं राहिलं नाही. दोघांनी भाकरी खाल्ली, वर मीठ-मिरची. अशी भाकरी तिनं जन्मात खाल्ली नव्हती. खाली बघितलं तर हिरवंगार कुरण, मधून झरा वाहतोय. आणि रिबका पुढं चालत उतरली. मागं वळून बघायची गरजच पडली नाही. एकेचाळीस मेंढरं आपली तिच्या मागं.

पाऊस पडेपर्यंत ती तिथं राहिली. मेंढरं अशी गरगरीत झाली की पाळकीणबाईला ठुमकता येईना. माळ हिरवा झाला तशी रिबका घरी परतली. शांतवनबाबा अंगणात बसले होते. त्यांनी लेकीला येताना पाहिलं आणि ती जवळ आल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग रिबकाचा राग गेला का? छे गं. असा एका दमात कुठं जातो? अधूनमधून नाकावर यायचाच. पण आता ती थांबायची, त्या मेंढपाळानं काय केलं असतं ते आठवायची, आणि तसं करायला बघायची. कधी जमायचं, कधी नाही जमायचं. नाही जमलं तर मेंढरासमोरसुद्धा चुकले म्हणायची. वर्षामागून वर्षं गेली आणि जमायचे दिवस जास्त झाले. सगुणाकाकू म्हणायच्या, अहो शांतवनबाबा, पोरीचं बोलणं अलीकडं वेगळंच वाटतं, कुणासारखं गं बाई? बाबा नुसते हसायचे.

रिबका सुखात राहिली, बाबा सुखात राहिले, आणि दोडकीला तर जुळी कोकरं झाली.

बेंजू झोपला की. एस्तेर, हात जोड, देवबापाला थोडक्यात सांग दिवसभरात काय काय झालं ते. आमेन. आता डोळे मीट, बाळा.