लाँच चालू आहे का?

एका खाडीकाठच्या गावात वेबसाइट तयार करणारी एक मुलगी राहत होती. गावाचं नाव खारवणे आणि मुलीचं नाव मैथिली शिरधनकर. पुण्याला शिकून ती गावी परत आली होती आणि घराच्या माडीवर बसून लांबलांबच्या लोकांची कामं करत होती. हात कुशल होता, नजर तयार होती. आपल्या धंद्यात कुठे काय नवं निघालं, याची खबर तिला सगळ्यांच्या आधी लागे. लागली की ते करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

खारवण्यासमोर खाडी होती आणि खाडीपलीकडे कुडपे. कुडप्याच्या बारा वाड्यांतली माणसं लाँचने ये-जा करीत, कारण दवाखाना, बाजार, कचेरी सगळं खारवण्यात. रस्त्याने वळसा घालून यायचं तर दीड तास मोडे. लाँच मात्र पाण्याच्या मर्जीची. मोठी ओहोटी लागली की धक्क्याला पाणी उरत नसे आणि लाँच दोन-दोन तास बंद राही. म्हणून लाँच चालवणाऱ्या सोसायटीने वेळापत्रकाची वेबसाइट करायचं ठरवलं आणि काम गावच्या मुलीला दिलं.

मैथिलीने त्यात जीव ओतला. पान उघडताच पडदाभर लाटा उसळत. बोट वर सरकवलं की धुक्यातून यावीत तशी अक्षरं हळूहळू उमटत. त्याखाली गोधडीच्या ठिगळांसारख्या लहान-मोठ्या चौकटी जुळवलेल्या. बटणं काचेसारखी आरपार. अक्षरं बारीक आणि राखाडी, कारण यंदा तशीच फॅशन होती. पानामागचा कोड थोडा तिने स्वतः लिहिला, थोडा एआयकडून लिहून घेतला. सोसायटीच्या बैठकीत ते पान भिंतीवर मोठं करून दाखवलं, तेव्हा सभासद टाळ्या वाजवत उभे राहिले.

पुण्याच्या एका स्पर्धेतही ते पान शेवटच्या सातांत निवडलं गेलं. आठ दिवसांनी परीक्षक ते स्वतः उघडून बघणार होते. पहिल्या येणाऱ्याला एका नावाजलेल्या डिझाइन स्टुडिओत नोकरी होती. मैथिली दोन वर्षं हेच स्वप्न बघत होती.

परीक्षकांना प्रवाशांचे चार शब्द ऐकवावेत, म्हणून एका दुपारी ती फोन घेऊन धक्क्यावर गेली. तिकिटाच्या खिडकीत हाजराबी बसल्या होत्या. तीस वर्षं त्या खिडकीत त्याच बसत. एका हाताने तिकिटं फाडत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावत. फोन ठेवला की पुन्हा वाजे.

“हाजराचाची, आपली वेबसाइट बघितलीत का?” मैथिलीने विचारलं.

“बघितली की. समुद्र झकास दिसतो,” हाजराबी म्हणाल्या. “पण समुद्र मी रोज बघते गो. लाँच कधी आहे, ते कुठे लिहिलंयस?”

मैथिली हसली. म्हाताऱ्या माणसांना नवं कळायला वेळ लागतो, असं तिने मनाशी म्हटलं. ती उत्तर देणार एवढ्यात एक रिक्षा भरधाव येऊन धक्क्यावर थांबली.

रिक्षातून एक बाई घाईघाईने उतरली आणि तिने एका वृद्ध माणसाला हात धरून खाली घेतलं. ते कुडप्याचे आग्रे गुरुजी आणि ती त्यांची सून सुवर्णा. आठवड्यातून दोनदा ती त्यांना डायलिसिससाठी खारवण्याच्या दवाखान्यात आणत असे. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मिळाली, मिळाली!” सुवर्णा धापा टाकत म्हणाली. “चार दहाची आहे ना?”

“चार दहाची नाही, बाय,” हाजराबी खिडकीतून म्हणाल्या. “पाणी गेलंय. आता साडेसहाला.”

सुवर्णाने धक्क्याखाली पाहिलं. नुसता चिखल होता. तिने वळून सासऱ्यांकडे पाहिलं, तोच त्यांचे पाय लटपटले. मैथिलीने धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं नसतं, तर ते फरशीवरच पडले असते.

दोघींनी मिळून त्यांना तिकीटखिडकीमागच्या हाजराबींच्या खोलीत नेलं आणि बाकावर आडवं केलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी बेतानेच चालतं, म्हणून सुवर्णाने घोटभरच पाजलं. हाजराबींनी उशाला आपली शाल दिली. मैथिली तिकिटांच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागली. थोड्या वेळाने गुरुजींच्या तोंडावर रंग आला.

“दवाखान्यात पलंग होता,” सुवर्णा रडवेली होऊन म्हणाली. “नर्सबाई म्हणत होत्या, तास-दोन तास पडू दे त्यांना. पण मी वेबसाइटवर चार दहाची बघितली आणि उठवून आणलं.”

“बघू तुमचा फोन,” मैथिली म्हणाली.

फोन साधा होता, काचेला एक तडा गेलेला. मैथिलीने स्वतःच केलेलं पान उघडलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. धक्क्यावर नेटवर्कची एकच दांडी होती आणि लाटांचं चित्र काही केल्या उतरेना. बऱ्याच वेळाने पान उघडलं, तर दारातून येणाऱ्या उन्हात राखाडी अक्षरं दिसेनात. तिने हाताची सावली धरली. चार दहा ही वेळ होती. ओहोटीची सूचनाही होती, पण कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट डावीकडे सरकवलं, तरच ती उलगडत होती. तशी उलगडावी म्हणून मैथिलीने पूर्ण एक आठवडा खर्च केला होता.

“हे असं सरकवायचं होतं,” ती हळूच म्हणाली.

“अगोबाई, हो का?” सुवर्णा म्हणाली. “मला मेलीला काही कळत नाही.”

तेवढ्यात गुरुजींनी डोळे उघडले. “ही कोण?” त्यांनी विचारलं.

“लाँचची वेबसाइट हिनेच केली, गुरुजी,” हाजराबी म्हणाल्या.

मैथिलीने मान खाली घातली. आता चार शब्द ऐकावे लागणार, हे तिने ओळखलं.

गुरुजींनी मात्र हात जोडले. “उपकार आहेत हो तुझे,” ते म्हणाले. “एवढी शिकलीस आणि आमच्या लाँचसाठी खपलीस. आम्हालाच नीट बघता येत नाही. चूक आमची.”

ते रागावले असते, तर मैथिलीने काहीतरी उत्तर दिलं असतं. नेटवर्कला बोल लावला असता, फोनला लावला असता. पण जोडलेल्या हातांना काय उत्तर द्यायचं? लाँच येईपर्यंत ती तिथेच वारा घालत बसून राहिली. प्रवाशांचे चार शब्द टिपायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही-पेन घेऊन पुन्हा धक्क्यावर आली.

“चाची, तुम्हाला दिवसभर फोन येतात. लोक काय विचारतात?”

“काय विचारणार? लाँच चालू आहे का? पुढची किती वाजता? शेवटची किती वाजता? आणि दुचाकी चढेल का?”

“बस, एवढंच?”

“तीस वर्षं एवढंच. पाचवा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.”

मैथिली चार दिवस धक्क्यावरच बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात फोन देऊन बघत राहिली, त्याचं बोट कुठे जातं आणि डोळे कुठे अडतात. हाजराबी मधूनमधून खिडकीतून डोकावत आणि सांगत, “अक्षर आणखी मोठं कर. हा काळा रंग बरा.” मैथिली मुकाट्याने करत गेली.

जुनं पान तिने बाजूला ठेवलं आणि नवं उभं केलं. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. सगळ्यात वर एकच ओळ: “लाँच चालू आहे. पुढची ४.१०.” नाहीतर: “ओहोटीमुळे बंद आहे. पुढची ६.३०.” त्याखाली बाकीची दोन उत्तरं. लहान फोनवर सगळं एकाखाली एक येई आणि सोसायटीच्या मोठ्या संगणकावर तेच शेजारी-शेजारी पसरे, एक अक्षरही न कापता. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन ते वाचून दाखवी. पान इतकं हलकं, की नेटवर्कच्या एका दांडीवरही चटकन उघडे. चालू-बंद करायचं बटण तिने हाजराबींच्या फोनवर दिलं. तिला येत असलेली सगळी विद्या त्यात लागली होती, नवी हत्यारंही लागली होती, फक्त ती कुठे दिसत नव्हती.

पान तयार झालं, तेव्हा परीक्षकांच्या दिवसाला चार दिवस उरले होते. पुण्याला तिची मैत्रीण पल्लवी होती. तिला मैथिलीने सगळं सांगितलं. पल्लवी फोनवर ओरडलीच.

“वेड लागलंय का तुला? हे साधं पान परीक्षकांना दाखवणार? अगं, चारच दिवस जुनं राहू दे. ते बघून गेले की लाव हवं ते. कुणाला कळणार आहे?”

फोन कानाला धरूनच मैथिलीने विचार केला. पल्लवीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चार दिवस म्हणजे काय? इतके दिवस लोकांनी चालवून घेतलंच होतं. एकाचीही तक्रार आली नव्हती. आणि चार दिवसांच्या पलीकडे पुणं उभं होतं, मोठा स्टुडिओ उभा होता.

तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. शुक्रवारी अमावास्या. म्हणजे सगळ्यात मोठ्या ओहोट्या याच चार दिवसांत. आणि शुक्रवार गुरुजींच्या डायलिसिसचा.

“तू म्हणतेस ते खरं आहे, कुणालाच कळणार नाही,” ती पल्लवीला म्हणाली. “गुरुजी परत अडकले, तरी परत हात जोडतील आणि म्हणतील, चूक आमची. ते मला नाही सोसणार.”

त्याच संध्याकाळी तिने नवं पान लावलं.

शुक्रवारी सुवर्णाने दवाखान्यातूनच फोन उघडला. “ओहोटीमुळे बंद आहे” हे एका नजरेत दिसलं. तिने गुरुजींना निवांत झोपू दिलं आणि संध्याकाळी सावकाश धक्क्यावर आणलं. त्यांनी चालत लाँचमध्ये पाय ठेवला. मैथिली दुरून बघत होती. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण कुणाचं काही अडलं नव्हतं.

स्पर्धेचा निकाल लागला. मैथिलीचं नाव कुठेच नव्हतं. परीक्षकांनी एक ओळ लिहून पाठवली होती: “काम नीटनेटके आहे, परंतु नव्या प्रवाहांचे भान दिसत नाही.” तिला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, ती रडलीही. आईने काय झालं विचारलं, तर म्हणाली, “कांदा चिरत होते.” घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

पुढच्या आठवड्यात ती धक्क्यावर गेली, तर हाजराबींच्या खिडकीत शांतता होती. फोन बाजूला पडला होता आणि हाजराबी डबा उघडून जेवत होत्या.

“ये गो, बस,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत पहिल्यांदा फोन न घेता पोटभर जेवतेय. अल्ला तुझं भलं करो.”

“चाची, आभार मी मानायचे,” मैथिली म्हणाली. “लाँचची वेळ कुठे लिहिलीय हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“आणि तू हसलीस,” हाजराबी म्हणाल्या.

“हसले. चुकलंच माझं.”

हाजराबींनी डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे केली.

जेवून मैथिली लाँचमध्ये बसली आणि कुडप्याला उतरली. विचारत विचारत आग्रे गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी ओटीवर बसले होते. तिने वाकून नमस्कार केला.

“अगं, हे काय? कशाबद्दल?” गुरुजी गोंधळून म्हणाले.

“तुम्ही त्या दिवशी माझे उपकार मानलेत, त्याबद्दल. मी काही केलं नव्हतं, गुरुजी. चूक माझी होती आणि तुम्ही ती आपल्या पदरात घेतलीत. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, तर मी भांडून घरी गेले असते आणि तशीच राहिले असते.”

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग ती निघायला उठली. “येते मी. लाँच चुकेल.”

“थांब,” गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि फोन हातभर लांब धरून मोठ्याने वाचलं. “लाँच चालू आहे. पुढची पाच वीस. शेवटची सव्वासात.” त्यांनी फोन खिशात टाकला आणि आतल्या दिशेने हाक मारली, “सुवर्णा, चहा टाक गो! पोरीकडे भरपूर वेळ आहे.”

तात्पर्य: आपलं काम ज्याच्या हातात अडतं, त्याला अडाणी म्हणू नये, आपलं काम सुधारावं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या शंभरांपेक्षा अडचण सांगणाऱ्या एकाचे उपकार मोठे मानावेत.