एक गाय, दोन चरव्या

एका गावात एक गाय होती आणि तिला दोन मालकिणी होत्या.

दोघी जावा. भाऊ वेगळे निघाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, घराच्या मधोमध भिंत घातली. गाय मात्र वाटता येईना. शेवटी ठरलं, की सकाळची धार थोरलीने काढायची, संध्याकाळची धाकटीने; आणि जिने धार काढली तिनेच मग गव्हाणीत वैरण घालायची. ऐकायला हे न्यायाचं होतं, आणि काही दिवस ते नीट चाललंही.

एका सकाळी थोरली वैरणीची पेंढी सोडता सोडता थांबली. तिच्या मनात आलं, ‘मी आत्ता जे घालते त्याचं दूध संध्याकाळी उतरणार. म्हणजे पेंढी माझी आणि चरवी भरते तिची!’ तिने अर्धी पेंढी परत ठेवून दिली.

संध्याकाळी धाकटीने अर्धवट चघळलेली धाटं पाहिली आणि तिलाही तोच हिशेब सुचला. तीही मूठ आखडून वैरण घालू लागली. बोललं कुणीच नाही. गाईचं दूध मात्र आटत गेलं.

शेजारच्या गावी गुरांचा एक वैद्य राहत असे. पुष्कळ ग्रंथ वाचलेला म्हातारा. दिलेलं औषध लागू पडेल की नाही या काळजीने स्वतःच वाळलेला. शतावरी, मेथ्या, शेपा असं काहीबाही कुटून तो दुभत्या जनावरांसाठी चूर्ण करी.

थोरली गुपचूप त्याच्याकडे गेली. “वैद्यबाबा, माझी गाय आटत चाललीय. काहीतरी द्या.”

“पोटभर खाते ना?”

“खाते की! आमच्याकडे खाण्याला काय तोटा?”

“मग गुळात कालवून रोज एकच गोळा द्या. अधिक नको. चूर्ण हे भरल्या पोटाचं औषध आहे.”

दुसऱ्या दिवशी धाकटी गेली. तिनेही ‘माझी गाय’च म्हटलं, आणि खाण्याचं विचारल्यावर तीही तशीच ठसक्यात बोलली. वैद्याने तिलाही चूर्ण दिलं. गाय कुठली, तिला आणखी कोण काय घालतं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

आता सकाळी धारेआधी थोरलीचा गोळा आणि संध्याकाळी धाकटीचा. सुरुवातीला दूध थोडं वाढलं. चूर्णाने म्हणा, गुळाने म्हणा. दोघी खूश झाल्या. प्रत्येकीने एकाचे दोन गोळे केले आणि वैरण आणखी कमी केली. ‘चूर्ण आहे की आता,’ असं दोघींनाही वाटलं.

मग एके दिवशी गाय उठेना. रवंथ थांबलं, शेण पाण्यासारखं झालं. तिचं वासरू सुकल्या कासेला ढुशा देत राहिलं. त्याच्या बरगड्या लांबून मोजता आल्या असत्या.

वैद्याला बोलावणं गेलं. तो धापा टाकत आला, तर गोठ्यात दोघी उभ्या.

“हिनेच काहीतरी घातलं!” थोरली म्हणाली.

“वा, जाऊबाई! आणि तुमच्या पदराला शेपाचा वास कसला येतोय तो?”

वैद्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “म्हणजे गाय एकच? अरे देवा! बायांनो, चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं.” मग त्याने गव्हाणीत हात घातला. तळाला धूळ लागली. “पण हे काय? वैरण कुठाय?”

“आता दुसरं औषध द्या,” थोरली हळूच म्हणाली.

“माझ्याकडे दुसरं औषध नाही. ही जगेल असंही मला छातीवर हात ठेवून सांगवत नाही. चूर्ण बंद करा. कोवळा चारा थोडा थोडा घाला, पेज पाजा. आणि बरी होईपर्यंत कुणीच धार काढायची नाही. जे उतरेल ते वासराचं.”

“धारच काढायची नाही तर वैरण कुणी घालायची?” थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

वासरू ढुशा द्यायचंही थांबलं होतं. ते आईच्या पोटाशी नुसतं टेकून उभं होतं.

धाकटीने विळा उचलला आणि ती बांधावर गेली. भारा घेऊन आली तेव्हा थोरलीच्या चुलीवर पेज शिजत होती.

त्यानंतर जिला सवड मिळेल ती चारा घाली. कधी दोघी एकदमच भारा घेऊन येत आणि हसत. गाय आधी कान हलवू लागली, मग उठली, मग रवंथ करू लागली. वासरू पोट भरून हुंदडू लागलं आणि तरीही कास भरलेली राहू लागली.

तेव्हा एका सकाळी थोरलीने धार काढली. चरवी फेसाने भरली. तिने भिंतीवरून हाक मारली, “अगं, भांडं घेऊन ये.”

“सकाळची तुमची ना, जाऊबाई?”

“काल संध्याकाळी चारा तू घातलास.”

“आणि काल सकाळी तुम्ही.”

“मग हे दूध कुणाचं म्हणायचं?”

“गाईचं!” धाकटी म्हणाली, आणि भांडं आणायला आत गेली.

तात्पर्य: आपण घातलेली वैरण दुसऱ्याच्या चरवीत उतरेल म्हणून जो हात आखडतो, त्याची स्वतःचीही चरवी कोरडीच राहते, आणि रिकाम्या गव्हाणीवर कुठलंच चूर्ण चालत नाही.