मोतद्दाराची गाठ

एका राज्यात थंडी राजाच्या आधी सिंहासनावर चढून बसायची. डोंगरापल्याडचा तो मुलूख. आश्विन सरला की तिथल्या वाऱ्याला दात फुटत. राजाचं नाव धैर्यशील. नाव मोठं नामी, पण पहिला गारवा सुटला की महाराज दोन कानटोप्या घालून रजईत शिरत, ते थेट होळीला बाहेर येत.

त्या राजाची पागा मोठी, आणि पागेला शाप होता. पूर्वी एका हिवाळ्यात जालंदर नावाचा मांत्रिक दमलेली घोडी घेऊन पागेच्या दाराशी आला नि तिच्यापुरता आडोसा मागू लागला. राजाने रजईतूनच नकार धाडला. घोडी दारातच गतप्राण झाली. मांत्रिकाने तिच्या आयाळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "या पागेला ऊब न मिळाली तर इथले घोडे दगड होतील. आणि जो ऊब देईल, त्याला त्याचं घर विसरेल."

तेव्हापासून हिवाळ्याच्या तोंडाशी घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार पळून जात, आणि पागेमागे दगडी घोड्यांची रांग वाढत जाई. दरबारी लोक त्यांना शिल्पं म्हणत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. दरबारी कशाचंही कौतुक करतात, त्यासाठीच त्यांना पोसलेलं असतं.

त्या साली मोतद्दार होता दर्याजी. घरी बायको चिमणाबाई आणि लेक ठकी. त्या मुलखाची रीत अशी, की पागेची धूळ घराला लागू द्यायची नाही आणि घरच्यांनी पागेत पाऊल टाकायचं नाही, दोन्हीकडे अपशकुन. म्हणून दर्याजी रोज सांजेला विहिरीवर अंग घासून धुई, कपडे बदली, मगच उंबरठा ओलांडी. चिमणाबाईला नवरा ठाऊक होता, त्याची चांदणी घोडी ठाऊक नव्हती. आणि चांदणीला, जिला त्याने पोरकी असताना शेळीच्या दुधात वात बुडवून जगवलं होतं, तिला ठकी ठाऊक नव्हती.

एके सकाळी दर्याजी चांदणीचा खूर साफ करायला बसला, तो खूर खण्णकन वाजला. दगड झाला होता.

पागेच्या आढ्यावर एक कोतवाल पक्षी बसे. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. आल्यागेल्याची चौकशी केल्यावाचून त्याला चैन नसे. तो बोलला, "ऊब देणार?"

"देणार."

"घर विसरेल."

"मग शाप तुटायची वाट सांग."

पक्ष्याने सांगितली. सूर्यकड्यावरचं न सुकणारं गवत. मांत्रिकाच्या धुनीतला निखारा. आणि घरचं पांघरूण, घरच्या माणसाने आपण होऊन घोडीच्या पाठीवर घातलेलं. "पहिला बर्फ पडायच्या आत. आणि आपण कोण, हे घरी सांगायचं नाही. सांगितलंस तर तूही त्या रांगेत उभा राहशील."

दर्याजी सूर्यकड्यावर गेला. तिथलं गवत विळा लागला की रडे. घोड्यांचं अंग घासून खरारा करताना तो हलकी शीळ घालत असे, तीच त्याने घातली. गवत निजलं, भारा कापून झाला. चांदणीने ते खाल्लं आणि तिचा खूर मऊ झाला. पण सांजेला तो घरी गेला, तेव्हा रोज धावत येणारी ठकी आईच्या पदराआड दडली आणि पाहुणे कोण आलेत म्हणून विचारू लागली. चिमणाबाई हसली. दर्याजी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मांत्रिकाच्या गुहेत गेला. जालंदर म्हणाला, "निखारा नेशील तर तुझी बायकोही तुला विसरेल."

"ठाऊक आहे."

"तरी नेतोस?"

"तुमची घोडी दाराशी आली, तेव्हा पागेत मी नव्हतो. असतो तर दार उघडलं असतं."

मांत्रिकाने निखारा गाडग्यात घालून दिला आणि तोंड फिरवलं. त्याची दाढी भिजली होती.

निखाऱ्याने चांदणीचे आखडलेले पाय सुटले, पण पाठ गारच राहिली. दर्याजी घरी आला तर ताटं दोनच मांडलेली. चिमणाबाई उंबरठ्यातून म्हणाली, "घरधनी घरात नाहीत. ओसरीवर टेका, भाकरी देते." स्वतःच्या घरची भाकरी त्याने पाहुण्यासारखी खाल्ली. एवढी चवदार आणि एवढी कडू भाकरी त्याने कधी खाल्ली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आभाळ राखेसारखं झालं. चिमणाबाई पागेत येणार नाही, हे तो जाणून होता. मग त्याने ते केलं जे त्या गावात कुणी केलं नव्हतं: धुळीच्या अंगाने, अंघोळीवाचून, घोडीला धरून तो आपल्या अंगणात आला. शेजारणींनी दारं लावली आणि फटीतून पाहत बसल्या.

"घोडी गारठलीय, बाई. पांघरूण पाहिजे."

"घरात एकच गोधडी आहे. लेकराची."

त्याला पुढे काही मागवेना. चांदणी मान खाली घालून थरथरत होती. ठकी आईकडे बघत राहिली. चिमणाबाई आत गेली, गोधडी घेऊन आली. "लेकराला माझा पदर आहे. हिला कोण आहे?" असं म्हणून तिने आपल्या हातांनी ती चांदणीच्या पाठीवर पसरली.

दर्याजीने कमरेची दोरी सोडली आणि घोडीच्या पोटाखालून घेऊन गाठ मारली. मोतद्दाराची गाठ, ओढली तर घट्ट, एका बोटाने सुटणारी. चिमणाबाई त्या गाठीकडे बघत राहिली. मग आत गेली. तुळईला ठकीचा झोका होता, त्याची धन्याने मारलेली गाठ ती रोज सांजेला सोडत असे. तिने बोट लावलं. गाठ सुटली. ती बाहेर आली आणि अंगणातली तपासली. तीच.

"ही गाठ तुम्हाला कुणी शिकवली?"

दर्याजीने मान वर केली. आभाळातून बर्फाचा पहिला कण निघाला होता.

तिने त्याचा हात उचलून नाकाशी नेला. "आमच्या धन्याच्या हाताला कसलाच वास नसे," ती सावकाश म्हणाली. "इतकी वर्षं रोज काय धुऊन येत होता, ते आज कळलं. आत या. आणि आज हात धुऊ नका."

कण जमिनीला टेकला तो पाणी होऊन. ठकी धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. पागेमागची दगडी रांग खिंकाळली, आणि तिथे उभे असलेले दरबारी शिल्पांचं कौतुक अर्धवट टाकून पळाले.

मांत्रिक डोंगर उतरून आला. महाराज होळीआधी बाहेर पडले, पागेचं दार स्वतः उघडलं, आणि डोक्यावरची एक कानटोपी काढून मांत्रिकाला दिली. त्याने ती घातली. पुढे मोतद्दारांची घरं पागेला लागून बांधली, एका भिंतीची. अलीकडे चूल, पलीकडे गव्हाण.

शाप तुटला त्या सांजेला चिमणाबाईने तीन ताटं मांडली, आणि ओसरीवर चांदणीपुढे भिजवलेले हरभरे ठेवले. ज्याच्या हाताला कामाचा वास, त्याची भाकरी घरी ऊन राहो.