रिकाम्या मांडीचा वसा

ऐक सांजवाती, तुझीच कहाणी. वाती वळणारीनं कापूस खाली ठेवावा, तांदूळ निवडणारीनं सूप. हात गुंतलेले असले की ही कहाणी कानात शिरत नाही. ठेवलंत? मग ऐका.

आटपाट नगर होतं, तिथं साळ्यांची आळी होती. आळीत येमू नावाची साळीण राही. नवरा कापड घेऊन गावोगाव हिंडे. घरात थोरली जाऊ बायजा आणि येमूची एकुलती लेक सगुणी. येमूच्या हाताला यश मोठं. तिनं पदरावर मोर विणावा आणि बघणाऱ्यानं बघतच राहावं. नगरच्या राणीनं तिला शालू सांगितला, दसऱ्याला नेसायचा. मग येमू मागावर बसली.

आळीत म्हणत, अर्धा मोर मागावर ठेवून उठू नये. उठायचंच नसलं की अशा म्हणी बऱ्या कामाला येतात! दिवेलागण झाली, सगुणी फणी घेऊन आली, आई, वेणी घाल म्हणाली. येमू म्हणाली, एवढा मोर पुरा होऊं दे. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन आली, आई, भरव म्हणाली. एवढा मोर पुरा होऊं दे. तिसऱ्या दिवशी नुसतीच आली, मांडीवर घे म्हणाली. एवढा मोर पुरा होऊं दे. एक मोर पुरा झाला की दुसरा सुरू. मग लेक गेली बायजाकडे. बायजानं वेणी घातली, घास भरवला, मांडीवर घेतलं. पोरच ती, माया मिळेल तिकडं जायची.

असं करतां करतां पाऊस सरला. एके दिवशी सगुणी अंगणात पडली, गुडघा फुटला, आई गं म्हणून रडू लागली. येमू धोटा टाकून धावली, हात पसरले. तर लेक तिच्या बाजूनं गेली आणि बायजाच्या कुशीत शिरली. बायजा बिचारी ओशाळली. येमूच्या काळजाचं पाणी झालं. पसरलेले हात कुठं ठेवावे तेच तिला कळेना.

मग ती रडत रडत नदीवर गेली. तिथं एक म्हातारी पाण्यात दिवा सोडत होती. येमू म्हणाली, "बाई बाई, कसला वसा वसतेस, तो मला सांग."

"तुला कशाला गं? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतायची नाही, मातायची नाही, घेतला वसा टाकायची नाही."

मग म्हातारीनं सांगितलं, दिवेलागणीला धोटा ठेवावा, मोर अर्धा तर अर्धा. हातपाय धुवावे, सांजवात लावावी, ओसरीवर मांडी रिकामी ठेवून बसावं. हातात काही घेऊ नये, कुणाला हाक मारू नये. येईल त्याला मांडी द्यावी.

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तरी बसावं. तोच वसा."

येमू घरी आली, वसा धरला. पहिल्या सांजेला हात नुसते वळवळत राहिले. दुसऱ्या सांजेला आतून वेणी घालणारी बायजा आणि सगुणी यांचं हसू ऐकू आलं, तिचा जीव तुटला. तिसऱ्या सांजेला लेक दारापर्यंत आली, बघितलं, आत गेली. येमूनं हाक गिळली. अशा किती सांजा गेल्या!

नवरात्र बसलं. ऐन दिवेलागणीला राणीची दासी आली. आता मागावर बसलीस तर दसरा गाठशील, नाहीतर राणीची मर्जी गेली म्हणून समज, म्हणाली. येमूला मोह पडला. पडायचाच, माणूस ती. डोळे मागाकडे गेले, पण ती उठली नाही. दासी फणकाऱ्यानं निघून गेली. शालू दिवाळीला झाला. राणी आधी रुसली, मग नेसली. ते पुढचं पुढं.

सगुणी दाराआडून ऐकत होती. हळूच बाहेर आली.

"तुला काम नाही?"

"आहे."

"मग?"

"ते उद्या."

सगुणी जरा लांबच बसली. मग सरकली. मग मांडीवर डोकं ठेवलं, परक्या घरी निजावं तशी अवघडून. येमू हलली नाही. पोरीचा डोळा लागला, आणि झोपेतच ती पुटपुटली, आई.

आत बायजानं सवयीनं ओ द्यायला तोंड उघडलं, आणि पदर तोंडाशी धरला. ही हाक आपली की जावेची, येमूला काही कळेना. घाबरत घाबरत तिनं ओ दिली. सगुणीनं डोळे उघडले, वर पाहिलं, कोण आहे ते नीट पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

सांजवाती, जशी येमूला पावलीस तशी तुम्हां आम्हां सगळ्यांना पाव. गेलेल्या सांजा कुणाला परत मिळत नाहीत, यायच्या त्या तरी पदरात पडोत. साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं तुझ्या उजेडात सांगितली, ती सुफळ संपूर्ण होवो.