सुरेख पडणारा निंजा

जपानातल्या एका डोंगराळ गावात गेंपाची नावाचा एक म्हातारा निंजा-गुरू राहत होता. निंजा म्हणजे वेष पालटून शत्रूच्या मुलखात शिरणारा हेर. शिकवून शिकवून गेंपाची आता थकला होता. येणारा प्रत्येक जण आल्या आल्या तलवार मागे, आणि हा त्याला आधी पडायला शिकवी. दगडावर पडा, पायऱ्यांवर पडा, पण हाड मोडू नका आणि आवाज करू नका. बहुतेक जण महिन्याभरात कंटाळून घरची वाट धरत.

इसोकिची मात्र टिकला. दहा वर्षं तो पडत राहिला. शेवटी शेवटी तर वाळक्या पाचोळ्यावर पडला तरी एक पान वाजत नसे. गाव तोंडात बोट घालून बघायचं. कौतुक कोणाला नको असतं?

एके वर्षी शेजारच्या सरदाराने हे गाव जाळायचा बेत केला. मदत मिळाली तर ती एकाच ठिकाणाहून, वाटेवरच्या नाक्यापलीकडे असलेल्या, गावाशी मैत्री राखणाऱ्या दुसऱ्या सरदाराच्या गडावरून. पण नाक्यावर शत्रूचे शिपाई बसले होते. इसोकिचीने औषधं विकणाऱ्या फेरीवाल्याचा वेष घेतला आणि निरोप तोंडपाठ केला.

निघताना गेंपाची म्हणाला, "शिपाई लाथाडतील. तेव्हा फेरीवाल्यासारखा पड. धपकन, तोंडावर."

"गुरुजी, दहा वर्षं घाम गाळला तो धपकन पडायला?"

"हो रे बाबा," गेंपाची म्हणाला. आणखी समजावण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

नाक्यावर एका शिपायाने गंमत म्हणून खरोखरच लाथ घातली. चारचौघांत चिखलात तोंड घालायचं इसोकिचीच्या जिवावर आलं. तो खांद्यावरून अलगद लोळला आणि पायांवर उभा राहिला. पाठीवरच्या औषधांच्या पेटीतली एक बाटलीसुद्धा फुटली नाही.

शिपाई बघतच राहिला. मग म्हणाला, "असा पडणारा फेरीवाला मी जन्मात पाहिला नाही. बांधा याला!"

नाक्यावरून परतलेल्या वाटसरूंनी ही बातमी गावात आणली. आता जाणार कोण? गेंपाचीने उसासा टाकला, लाकडांची मोळी पाठीवर घेतली आणि तो निघाला.

खांबाला बांधलेल्या इसोकिचीने त्याला येताना पाहिलं. त्याच शिपायाने म्हाताऱ्यालाही लाथ घातली. साऱ्यांना पडायला शिकवणारा गुरू पोत्यासारखा कोसळला. गुडघा काडकन वाजला, लाकडं विखुरली, नाकातून रक्त आलं. शिपाई पोट धरधरून हसले.

"जा म्हाताऱ्या, मर तिकडे जाऊन!"

गेंपाची पाय फरफटत नाक्यापलीकडे गेला. इसोकिचीने मान खाली घातली. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी गडावरची फौज आली. गाव वाचलं, इसोकिची सुटला. गुरूचा गुडघा मात्र कामातून गेला होता. इसोकिचीने त्याला पाठीवर घेतलं आणि दोघं डोंगर चढू लागले.

"गुरुजी, तुम्ही कुशीवर लोळला असतात तर गुडघा वाचला असता."

"हो," गेंपाची म्हणाला, "गुडघा वाचला असता. हळू चाल रे, दुखतंय."

तात्पर्य: कामासाठी हसं करून घ्यायची तयारी नसेल, तर दहा वर्षांची विद्याही ऐन वेळी घात करते.